चूक वेगळी, त्रुटी वेगळी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत पुण्यातल्या एका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आठ आठवडे इंटर्न होतो. पहिल्या आठवड्याचा अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवला. शेवटी कॉलेजच्या सवयीने 'त्रुटींची कारणे' असा मथळा टाकून खाली लिहिलं होतं: मानवी चूक, उपकरणातील दोष, वातावरणाचा परिणाम. मॅडमनी 'मानवी चूक'भोवती पेन्सिलीने गोल काढला. "कुठली चूक? केव्हा केलीस? आणि माहीत होती तर रीडिंग परत का नाही घेतलंस?"

मला उत्तर देता येईना, कारण चूक झालीच नव्हती. सगळ्यांच्या जर्नलमध्ये असतं म्हणून मीही लिहिलं होतं, पत्राखाली 'चू. भू. द्या. घ्या.' लिहितात तसं.

या गोंधळात थोडा वाटा आपल्या भाषेचाही आहे. भौतिकशास्त्रात 'एरर'ला मराठी प्रतिशब्द त्रुटी. पण सरकारी कचेरीतून 'अर्जात त्रुटी आढळल्या, पूर्तता करावी' असं पत्र आलं की ती त्रुटी म्हणजे सरळसरळ आपली चूक किंवा राहून गेलेलं काहीतरी असतं, आणि ती दुरुस्त केली की विषय मिटतो. प्रयोगशाळेतली त्रुटी अशी मिटत नाही. मोजलेल्या आकड्यापुढे ± लिहून जो दुसरा आकडा येतो, ती ही त्रुटी. खरी किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते, एवढंच ती सांगते. त्यात कोणाचा दोष असतोच असं नाही.

दोष नसलेल्या त्रुटीचा सर्वांत स्वच्छ नमुना मला गायगर काउंटरवर, म्हणजे किरणोत्साराचे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर, दिसला. किरणोत्सारी नमुना समोर ठेवून एक मिनिट मोजलं तर 100 ठोके, पुढच्या मिनिटाला 93, मग 108. हात लावला नाही, काही हललं नाही. अणू कधी फुटेल याचं वेळापत्रकच नसतं, म्हणून आकडा हलतो. किती हलेल याचा मात्र नियम आहे: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ. 100 ठोक्यांमागे त्रुटी 10, म्हणजे 10 टक्के. 10,000 ठोके मोजले तर त्रुटी 100, म्हणजे 1 टक्का. दहापट बारकाई हवी तर शंभरपट वेळ बसा. इथे 'मानवी चूक' लिहिणं म्हणजे निसर्गाचा खर्च स्वतःच्या खात्यावर टाकणं.

चूक ओळखायला सोपी. तिला तारीख असते, वेळ असते, बहुतेकदा करणाराही असतो. मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर होता आणि मी मायक्रोअँपिअर लिहिले. फ्लास्कमधला द्रव नायट्रोजन उडून पातळी खाली गेली, सेन्सर उघडा पडला आणि मी मात्र रीडिंग घेत राहिलो. या दोन्ही माझ्या. चुकीला ± लावायचं नसतं. ते रीडिंग रद्द करायचं आणि परत घ्यायचं. रद्द करायची रीतही ठरलेली: एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण आणि वेळ. व्हाइटनर नाही, पान फाडणं तर नाहीच.

आणि कारण सापडलं नाही तर? माझ्या पंधरा रीडिंगमध्ये एक फारच वेगळं आलं होतं. ते काढून टाकायला हात शिवशिवत होते. मॅडमनी त्या दिवसाचं लॉगबुक उलटून पाहिलं, काही सापडलं नाही, आणि आकडा तक्त्यात तसाच राहिला. न आवडणं हे कारण म्हणून चालत नाही.

कॉलेजात हा फरक शिकायची गरजच पडत नाही, कारण तिथे उत्तर आधीच माहीत असतं. लंबकाच्या प्रयोगात g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढायचा, 9.8 शी ताडायचा, फरकाचे टक्के काढून त्यालाच 'परसेंटेज एरर' म्हणायचं. हा पुस्तकाशी असलेला फरक झाला. आपल्या मोजमापाची त्रुटी त्यातून कळत नाही. (गंमत म्हणजे आपल्या अक्षांशावर, मुंबईत काय किंवा पुण्यात काय, g हा 9.78 ते 9.79 च्या मध्ये असतो. जर्नलमध्ये नेमका 9.81 आलेल्या पोराने युरोपातला लंबक वापरलाय म्हणायचं.) संशोधनात ताडायला पुस्तकच नसतं. उत्तर कोणालाच माहीत नाही म्हणून तर प्रयोग चाललेला असतो. तेव्हा आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्याच्याशेजारच्या ± वरूनच ठरतं.

इथवर दोन्ही कप्पे स्वच्छ आहेत. पंचाईत होते ती मधल्या जागेत, जिला परिभाषेत 'पद्धतशीर त्रुटी' म्हणतात. नाव ऐकून कौतुक केल्यासारखं वाटतं, पण अर्थ असा की आकडा दर वेळी एकाच बाजूला, तेवढाच सरकतो. माझी गाठ तिच्याशी तिसऱ्या आठवड्यात पडली. द्रव नायट्रोजनचं तापमान प्लॅटिनमच्या पीटी-100 सेन्सरने मोजायचं होतं. त्याचा रोध (रेझिस्टन्स) 0 अंश सेल्सिअसला 100 ओहम असतो, तापमान उतरलं की तोही उतरतो. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा 79.0 केल्व्हिन, फरक जेमतेम 0.1 चा. मी खूश. पुस्तकात नायट्रोजनचा उत्कलनबिंदू 77.4 आहे. मॅडम म्हणाल्या, "शंभर वेळा घे, हेच येईल."

कारण वायरींमध्ये होतं. मी सेन्सरला दोनच वायरी जोडल्या होत्या आणि त्यांचा दोघींचा मिळून 1 ओहम रोध सेन्सरच्या रोधात मिसळत होता. त्या तापमानाला सेन्सरचा रोध केल्व्हिनमागे साधारण 0.43 ओहमने बदलतो, म्हणजे 1 ओहमची भेसळ झाली की तापमान 2.3 केल्व्हिनने जास्त दिसणार. चार वायरी जोडून, दोन वायरींनी करंट द्यायचा आणि दुसऱ्या दोन वायरींनी व्होल्टेज मोजायचं, की ही भेसळ निघून जाते. मग दोन वायरींनी मोजणं ही चूक की त्रुटी? माहीत नसताना ती माझ्या ± मध्ये न धरलेली त्रुटी होती. कळल्यावरही तसंच मोजत राहिलो असतो तर चूक.

मोठमोठ्या प्रयोगांनाही ही मधली जागा चुकलेली नाही. मिलिकन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला. 1913 सालची त्याची किंमत आजच्या एककांत 1.592 × 10⁻¹⁹ कुलोम, आजची 1.602. त्याने सांगितलेली त्रुटी 0.2 टक्के, प्रत्यक्ष फरक 0.6. हवेच्या विष्यंदितेचा (चिकटपणाचा) जो आकडा त्याने वापरला तोच थोडा चुकीचा होता, त्यामुळे थेंब कितीही पाहिले तरी उत्तर सुधारलं नसतं.

इटलीतल्या ग्रान सासो या भूमिगत प्रयोगशाळेतल्या ऑपेरा प्रयोगाचं वेगळं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून 730 किलोमीटर आलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) आधी पोचतात, असं त्यांनी सप्टेंबर 2011 मध्ये जाहीर केलं. सांगितलेली त्रुटी सुमारे 10 नॅनोसेकंद आणि तिचा हिशोब अगदी बारकाईने केलेला. पुढे मुख्य कारण निघालं ते जीपीएसचा वेळसंकेत आणणारी एक फायबर ऑप्टिक केबल, जी नीट घट्ट बसलेली नव्हती. ही चूक. त्रुटीचा हिशोब कितीही चोख असला तरी सैल केबल त्यात सापडत नाही, कारण हिशोबात तीच गोष्ट धरली जाते जी बिघडू शकते हे आधी सुचलेलं असतं. त्यांनी आपला निकाल इतरांनीही तपासावा म्हणून उघड मांडला होता, आणि केबलचा शोधही त्यांच्याच तपासणीत लागला. मला त्यांचा आदर वाटतो.

माझ्या चार वायरींवर परत येतो. जोडणी बदलली, कॅलिब्रेट केलेला सेन्सर लावला, आणि आकडा आला 76.7 ± 0.1. पुस्तकातला 77.4. आता उणे बाजूला! अर्धा दिवस मी सोल्डरिंग तपासण्यात घालवला. जोड सगळे ठीक होते. संध्याकाळी मॅडमनी भिंतीवरच्या दाबमापीकडे बोट दाखवलं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, दाब 945 मिलिबारच्या आसपास. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीच्या 1013 मिलिबारचा. दाब कमी असला की नायट्रोजनही लवकर उकळतो, इथे साधारण 0.6 केल्व्हिन आधी.

त्या दिवसापासून माझ्या लॉगबुकात तारखेखालची पहिली ओळ हवेच्या दाबाची असायची.