सर्व्हर ‘डाउन’ होतो म्हणजे काय होते?

इंदूरच्या रामबागेतील आमच्या शेजाऱ्यांची मुलगी विद्यापीठाच्या ऑनलाइन प्रवेशपरीक्षेहून परतली ती रडवेली होऊनच. पासवर्ड टाकल्यावर पडद्यावर गोल चक्र फिरू लागले आणि वीस मिनिटे फिरतच राहिले. विचारले की पर्यवेक्षक म्हणत, ‘सर्व्हर डाउन आहे.’

अशा वेळी सर्व्हर, म्हणजे बाकीच्या संगणकांच्या मागण्यांना उत्तरे देणारा संगणक, अनेकदा चालूच असतो, फक्त त्याच्या दाराशी रांग लागलेली असते. पुष्कळ केंद्रांवर कूटबद्ध प्रश्नपत्रिका आधीच केंद्रातल्या सर्व्हरवर आणून ठेवतात, ती उघडण्याची किल्ली ऐन वेळी मिळते आणि दालनातले सगळे संगणक त्या एकाच सर्व्हरकडे प्रश्न मागतात. रांगांचे शास्त्र सुरू झाले ते टेलिफोनमुळे: डॅनिश गणितज्ञ आगनर एर्लांग यांनी १९०९ मध्ये एक्सचेंजवर येणाऱ्या कॉल्सचे गणित मांडले. त्या शास्त्रातला सर्वांत साधा नमुना घेतला आणि एका लॉगिनला सरासरी ०.१ सेकंद लागतो असे धरले, तर सर्व्हर निम्मा वेळ कामात असताना उत्तर ०.२ सेकंदात येते, ९० टक्के वेळ कामात असताना १ सेकंदात, आणि ९९ टक्क्यांवर चक्क १० सेकंदांत. म्हणजे ‘अजून एक टक्का क्षमता शिल्लक आहे’ हे वाक्य कागदावर खरे असले तरी त्याने कोणाचे समाधान होऊ नये.

हे गणितही विद्यार्थी आपापल्या सवडीने येतात असे धरून केलेले आहे. परीक्षेत ठोक्याला ३०० जण एकदम बटण दाबतात, तेव्हा शेवटच्याला ३० सेकंद थांबणे भागच असते. तेवढा धीर कोणाला असतो? मुले पुन्हा पुन्हा क्लिक करतात. जुन्या मागण्या रांगेत तशाच राहतात आणि ज्यांची आता कोणी वाट पाहत नाही अशी उत्तरे तयार करण्यात सर्व्हर दमून जातो. रविवारी सकाळी पोह्यांच्या दुकानावर एकेकाने पाच-पाच कुपने फाडावीत आणि प्लेट मात्र एकच उचलावी, तसला हा प्रकार. यावरचा उपाय जुनाच आहे: उत्तर आले नाही तर संगणकाने स्वतःच थोडे थांबावे, प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची कमाल मुदत दुप्पट करावी आणि तिच्या आत नेमके किती थांबायचे ते नशिबावर सोडावे, म्हणजे सगळे पुन्हा एकदम धडकत नाहीत. संगणक तारांनी एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटच्या जाळ्यात ही युक्ती १९७० च्या दशकापासून आहे.

बिघाड नेहमी गर्दीचाच असतो असे नाही. व्यवस्थापन अभ्यासक्रमांची ‘कॅट’ ही प्रवेशपरीक्षा २००९ मध्ये प्रथमच संगणकावर झाली, तेव्हा काही केंद्रांवरील गोंधळाचे खापर संगणकांतल्या व्हायरसवर फोडण्यात आले होते.

उत्तरे आणि उरलेला वेळ यांची नोंद सर्व्हरवर होत राहत असेल, तर संगणक बदलला तरी दोन्ही शाबूत राहतात. शेजारच्या मुलीचा वेळही प्रश्न उघडल्यावरच मोजला जाऊ लागला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसतही होता. तिने पाहिले ते भिंतीवरचे घड्याळ, आणि शेवटचे बारा प्रश्न अंदाजाने टिपून टाकले.