दिसते ते मेंदूचे अनुमान

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एडवर्ड एडल्सन यांनी १९९५ मध्ये तयार केलेले एक चित्र दृष्टिभ्रमांच्या चर्चेत हमखास पुढे येते. बुद्धिबळासारख्या पटावर एक हिरवा दंडगोल उभा आहे आणि त्याची सावली पटावर तिरकी पडली आहे. सावलीबाहेरचे एक काळपट घर आणि सावलीतले एक पांढरट घर यांवर एकेक अक्षर लिहिलेले आहे. प्रत्यक्षात ही दोन्ही घरे एकाच करड्या छटेची आहेत. तेवढ्या दोन घरांपुरती भोके पाडलेला कागद चित्रावर ठेवला, की ती तंतोतंत सारखी दिसतात. कागद उचलला, की पुन्हा एक गडद आणि दुसरे फिके.

येथे डोळ्यांची काहीच चूक नाही. दोन्ही घरांकडून सारखाच प्रकाश येतो आणि दृष्टिपटलावरील प्रकाशग्राही पेशी तो इमानेइतबारे टिपतात. अडचण पुढे येते. एखाद्या पृष्ठभागावरून डोळ्यांत शिरणारा प्रकाश दोन गोष्टींवर अवलंबून असतो : पृष्ठभागावर किती उजेड पडला आहे आणि त्यातला किती तो परावर्तित करतो. डोळ्यांना मिळतो तो या दोहोंचा गुणाकार. मेंदूला मात्र वस्तूचा खरा रंग हवा असतो. नुसत्या गुणाकारावरून मूळ संख्या ओळखता येत नाहीत, म्हणून मेंदू सावलीच्या मऊ कडा आणि शेजारची घरे यांवरून ठरवतो, की सावलीत असूनही एवढा प्रकाश येतो आहे, तर हे घर मुळात फिकेच असले पाहिजे. खऱ्याखुऱ्या पटाच्या बाबतीत हा निष्कर्ष अचूक ठरला असता. त्यामुळे याला मेंदूची फसगत म्हणण्यापेक्षा त्याचे कसब म्हणणेच मला अधिक न्याय्य वाटते.

पाहण्याच्या या प्रक्रियेला जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘अजाणता केलेले अनुमान’ म्हटले होते. त्यातले ‘अजाणता’ हे महत्त्वाचे. फ्रांझ म्यूलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध आकृतीत, टोकांना आत किंवा बाहेर वळलेली बाणाग्रे असलेल्या दोन सारख्या रेषा कमी-अधिक लांबीच्या दिसतात. पट्टीने मोजून खात्री केली तरी त्या तशाच दिसत राहतात.

अनुमानाने पोकळी भरून काढण्याचे कामही सतत चालू असते. दृष्टिपटलावर जेथून नेत्रचेता बाहेर पडते, तेथे प्रकाशग्राही पेशीच नसतात. सतराव्या शतकात एद्म मारियोत यांनी हा अंधबिंदू दाखवून दिला. कागदावर सुमारे आठ सेंटीमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढावा, डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहावे आणि कागद हळूहळू पुढे-मागे करावा. साधारण तीस सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. त्या जागी भोक किंवा काळा डाग मात्र दिसत नाही. दिसतो तो कोरा कागद, कारण भोवतालचाच रंग मेंदू तेथे पसरवून टाकतो.

सगळेच दृष्टिभ्रम इतक्या सरळपणे उलगडत नाहीत. काळ्या चौकोनांमधून जाणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या छेदांवर करडे ठिपके भासतात. ही लुडिमार हेर्मान यांची १८७० मधील जाळी. दृष्टिपटलातील शेजारशेजारच्या चेतापेशी एकमेकींचा प्रतिसाद दाबतात आणि छेदाशी चहूबाजूंनी उजेड असल्याने हा दाब वाढतो, असे तिचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे दिले गेले. परंतु हंगेरीतील यानोश गायर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्या पट्ट्यांच्या कडांना किंचित नागमोडी वळण दिले. छेदांपाशी उजेड जवळजवळ तेवढाच राहिला, तरी ठिपके गेले. नुसत्या दृष्टिपटलावर बोट ठेवणारे जुने उत्तर येथे अपुरे पडते. रेषांचा सरळपणा आणि दिशा ओळखणाऱ्या मेंदूतील चेतापेशींचाही विचार करावा लागतो.