निसटलेल्या बाळांचं गणित

माझ्या आजीला कुणी "मुलं किती?" असं विचारलं की ती "पाच" म्हणायची. झाली होती आठ. तिने काही लपवलं नव्हतं, विचारणाऱ्यांना हयात मुलंच हवी असायची. एक बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं, एक पाचवीच्या रात्री आणि एक बारशाच्या आदल्या दिवशी. बारसं नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून कुठल्या वहीत नोंद नाही.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात "अमुक तालुक्यात बालमृत्यू वाढले" अशी बातमी येते आणि सगळे हळहळतात. एखाद्या गावात मात्र "बालमृत्यू शून्य" अशी फुशारकी ऐकू येते. मला या दुसऱ्या गावाची जास्त काळजी वाटते. वाढलेल्या आकड्यामागे कधी कधी एवढंच असतं की तिथे कुणीतरी प्रामाणिकपणे मोजायला लागलं आहे.

एखाद्या प्रदेशाच्या तब्येतीची नाडी म्हणून जगभर अर्भक मृत्युदर बघतात. १००० बाळं जिवंत जन्मली तर त्यांतली किती पहिल्या वाढदिवसाआधी दगावली, हा तो आकडा. भारतात १९७१ साली तो १२९ होता, २०२० साली २८ झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ होता. आईचा आहार, पिण्याचं पाणी, दवाखान्यापर्यंतचा रस्ता, मुलीचं लग्नाचं वय, हे सगळं या एका आकड्यात उतरतं. पण तो चुकवणं फार सोपं आहे. तासाभरात गेलेलं बाळ जन्माच्या यादीत येत नाही आणि मृत्यूच्याही नाही. कधी त्याच्यापुढे "मृतजन्म" असं लिहिलं जातं, की ते हिशेबातूनच बाद. म्हणून मोठ्या आरोग्य पाहणीत बाईला नेमकं विचारतात, "जन्मल्यावर जे रडलं किंवा हाललं, पण जगलं नाही, असं बाळ झालं होतं का?" आजीला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आता मूळ प्रश्न. जी बाळं कुठल्याच यादीत नाहीत, ती किती हे कसं कळणार? याचं उत्तर मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं.

बंगालमधलं सिंगूर आपल्याला नॅनो मोटारीच्या वादामुळे ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९४७ साली, कोलकात्याच्या आरोग्यशास्त्र संस्थेने तिथे घरोघरी फिरून जन्ममृत्यूंची यादी केली आणि ती सरकारी निबंधकाच्या यादीशी नावानिशी ताडून पाहिली. त्यावर चिदंबर चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ साली एक शोधनिबंध लिहिला. हेच डेमिंग पुढे जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देऊन जगप्रसिद्ध झाले. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या अभ्यास संस्थेचे संचालक झाले, आणि आज देवनारला असलेली तीच संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम बघते.

युक्ती अशी. समजा, ग्रामसेवकाच्या वहीत वर्षभरात ८० जन्म आहेत. दुसऱ्याच माणसाने, ती वही न बघता, घरोघरी विचारून ७५ जन्म लिहिले. दोन्ही याद्यांत सापडलेली बाळं ६०. म्हणजे दुसऱ्याला सापडलेल्या ७५ बाळांपैकी ६० वहीत होती, शेकडा ८०. मग वहीची पकड एकूणच शेकडा ८० धरायला हरकत नाही. वहीत ८० जन्म आहेत, तर खरे जन्म १००. दोन्ही याद्या मिळून ९५ बाळं हाती लागली होती. म्हणजे पाच बाळं कुणालाच दिसली नव्हती, आणि तरी ती आपण मोजली! सूत्र म्हणून लिहायचं तर फक्त पहिल्या यादीतली २० गुणिले फक्त दुसरीतली १५, भागिले दोन्हींतली ६०. उत्तर ५. डेन्मार्कमध्ये माशांना खूण करून पाण्यात सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि पाण्यातले एकूण मासे ताडायचे, ती रीत याच कुळातली.

पण इथे एक मोठी अट आहे. दोन्ही मोजणारे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दुसऱ्याने पहिल्याची वही उतरवून काढली तर दोन्ही याद्या तंतोतंत जुळतील आणि चुकलेली बाळं शून्य निघतील. हे तर उघड आहे. कोणी लबाडी केली नाही तरी अट मोडते, ते जास्त अवघड. समजा, सडकेलगतच्या गावात १०० जन्म झाले आणि तिथे प्रत्येक यादीला शेकडा ९० सापडले. डोंगरापलीकडच्या पाड्यांवरही १०० झाले, पण तिथे प्रत्येक यादीला शेकडा ४०च सापडले. सडकेकडे दोन्हींत ८१, एकेकीतच असलेली ९-९. पाड्यांवर दोन्हींत १६, एकेकीत २४-२४. सगळं एकत्र करून सूत्र लावलं तर ३३ गुणिले ३३ भागिले ९७, म्हणजे जेमतेम ११ बाळं निसटल्याचं दिसतं. वेगवेगळं लावून पाहा. सडकेकडे १, पाड्यांवर ३६. एकूण ३७! दोन्ही मोजणारे प्रामाणिक होते, पण दोघांनाही तेच पाडे लांब पडत होते. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचा खरा सल्ला हाच होता. लोकसंख्येचे सारखे सारखे गट पाडा, प्रत्येक गटात वेगळं सूत्र लावा आणि मग बेरीज करा.

हे उदाहरण एकदा कागदावर स्वतः करून बघावं. मोबाइलवरच्या आरोग्य ॲपमधून आणि मनगटी घड्याळांतून अख्ख्या जिल्ह्याचं आरोग्य कळेल असं हल्ली सांगतात, तेव्हा मला हे ११ आणि ३७ आठवतात. ती घड्याळं सडकेलगतच्या गावातच असतात.

निवडक गावांतून देशाचे जन्ममृत्यूंचे दर काढणारी नमुना नोंदणी पद्धत १९७०च्या सुमारास उभी राहिली ती याच दोन डोळ्यांच्या तत्त्वावर. निवडलेल्या गावात एक जण वर्षभर नोंद ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी येऊन स्वतंत्रपणे विचारतो. याद्या ताडतात आणि न जुळलेल्या नोंदींसाठी पुन्हा त्या घरी जातात. आपल्याकडची एक अडचण मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ माहेरच्या गावात जन्मलं आणि तिथेच गेलं, तर सासरची वही म्हणते जन्म आमच्याकडे झालाच नाही, आणि माहेरची वही म्हणते ती पाहुणी होती. म्हणून बाई नेहमी कुठे राहते ते आधी ठरवावं लागतं.

मोजण्याने बाळ वाचतं का, असं कुणी विचारेल. गडचिरोलीचं उत्तर बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला सुरुवात केली आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. दोन्हीकडे जन्ममृत्यूची नोंद सारख्याच काटेकोरपणे ठेवली. गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून तयार केली. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं ही कामं ती शिकली. पहिल्या महिन्यातला मृत्युदर ३९ गावांत हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६०च्या आसपासच राहिला. ती ४७ गावं मोजली नसती तर ही घट आरोग्यदूतांमुळे झाली, हे छातीठोकपणे सांगता आलं नसतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

राणी बंग यांनी त्याआधी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झाली होती ती फक्त आठ जणींची. सरकारी आकड्यांत या दुखण्याचा मागमूस नव्हता.

पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते, अशी आपली समजूत. माझ्या आजीच्या बाळाच्या कपाळीही तेच लिहिलं असणार, असं घरात म्हणत. नाळ गंजक्या विळ्याने कापली की धनुर्वात याच सुमारास गाठायचा. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पातं मिळू लागलं, आणि २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्यासाठी सटवाईला काही बदलावं लागलं नाही.

गडचिरोलीची रीत २०११ पासून देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. श्वास मोजतात, वजन घेतात, आईला ताप आहे का बघतात. बारशाआधीच त्या बाळाचं नाव वहीत लागलेलं असतं, आईच्या नावापुढे नुसतं "बाळ" असं.