मुळं नव्हती, तेव्हा बुरशी होती

स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ विल्यम मॅकी या डॉक्टरांना १९१२च्या सुमारास गारगोटीसारखा एक कठीण दगड सापडला. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातल्या सिलिकेने आसपासच्या वनस्पती दगडात बंद करून टाकल्या, आणि तेही इतक्या हळुवारपणे, की दगडाची चकती घासून पातळ केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर खोडातली पेशी न् पेशी दिसते.

त्यातलीच एक अ‍ॅग्लॉफायटॉन. उंची जेमतेम वीतभर. पानं नाहीत, मुळंही नाहीत; जमिनीवर सरपटणारं खोड आणि त्याला खालून थोडी लव. मग हिला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळायचं कसं? १९९४ साली धागा हाती लागला. तिच्या खोडातल्या पेशींत बुरशीचे तंतू शिरले होते आणि आत त्यांना इवल्याशा झाडासारख्या फांद्या फुटल्या होत्या. आज कांद्याचं किंवा ज्वारीचं मूळ रंगवून पाहा, तशीच नक्षी दिसते. वनस्पतिशास्त्रात इतकं थरारक साम्य मला दुसरं ठाऊक नाही.

सगळी देवघेव या नक्षीतच चालते. बुरशी मातीतून स्फुरद ओढून आणते, झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. स्निग्ध पदार्थ ज्यांपासून बनतात ती मेदाम्लं स्वतःपुरती बनवणंही बुरशीला जमत नाही, हे २०१७ पर्यंत स्पष्ट झालं. झाड नसेल तर तिचं जगणंच थांबतं. वनस्पती जमिनीवर आल्या त्या बुरशीच्या साथीनेच, असं पिरोझिन्स्की आणि मॅलोक या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं होतं. रायनीच्या दगडाने त्याला बळ मिळालं. शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ‘मायकोरायझा’ म्हणून मुळांशी राहणारी बुरशी आणतात, ती सहसा याच घराण्यातली.

पुढे या नात्याला फाटे फुटले. पाइन आणि ओकच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशा मूळच्या पालापाचोळा नि लाकूड कुजवणाऱ्या. झाडांशी सोयरीक जुळल्यावर लाकूड पचवणारी बरीच जनुकं त्या गमावून बसल्या. हरभऱ्यासारख्या द्विदल पिकांनी मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना घरात घेताना बुरशीच्या स्वागताची जुनीच जनुकं कामाला लावली. मोहरी आणि कोबीच्या कुळाने मात्र ही सोबत सोडली, आणि स्वागताची ती जनुकंही गळून गेली. म्हणून कोबीच्या वाफ्यात मायकोरायझा टाकण्यात पैसे घालवू नयेत.