मॅनेजर बदलत गेले, सवय तीच: शिकागो व्हाइट सॉक्सच्या १२१ पराभवांची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४. शिकागोच्या साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाची घरच्या मैदानावरची शेवटची मालिका चालू होती, समोर लॉस एंजेलिस एंजल्स. सॉक्सचे १२० पराभव होऊन गेले होते. आणखी एक हरले असते, तर आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामातल्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम त्यांच्या नावावर लागला असता. पण या संघाचं काही धड होत नाही म्हणतात ते असं: नेमके तेव्हाच ते तिन्ही सामने जिंकले. तरी प्रेक्षकांतून घोषणा येतच होती, ‘संघ विका!’

ती मॅनेजरविरुद्ध नव्हती. मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना ८ ऑगस्टलाच नारळ मिळाला होता. खेळाडूंविरुद्धही नव्हती, कारण ज्यांच्यावर राग काढावा असे खेळाडू तोवर उरलेच नव्हते. तिचा रोख होता मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्यावर.

बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे नुसता व्यवस्थापक नव्हे. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर बसतो, फलंदाजीचा क्रम लावतो, चेंडू टाकणाऱ्या पिचरला कधी बदलायचं ते ठरवतो. पण संघात कोण असावं हे ठरवतो जनरल मॅनेजर, आणि पैशांच्या चाव्या मालकाकडे. वर्षाला १६२ सामने होतात, त्यामुळे शिव्या खायला रोज समोर दिसतो तो मॅनेजरच. ग्रिफोल यांनी त्या भरपूर खाल्ल्या. त्यातल्या निम्म्या तरी वरच्या मजल्यावर जायला हव्या होत्या, असं माझं मत आहे.

सॉक्सच्या पडझडीचा विषय निघाला की कोणीतरी १९१९ काढतोच. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, मुद्दाम हरल्याच्या प्रकरणात पुढे आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. शाप-बिप मानणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. मी १९८१ पासून करतो. त्या वर्षी राइन्सडॉर्फ आणि एडी आइनहॉर्न यांच्या गटाने संघ विकत घेतला. तेव्हा मॅनेजर होते तरुण टोनी ला रूसा. १९८३ मध्ये त्यांनी विभागाचं (लीगमधल्या आपल्या गटाचं) विजेतेपद मिळवून दिलं, पण १९८६ च्या हंगामात संघ घसरला आणि त्या वेळी कारभार पाहणाऱ्या केन हॅरेलसन यांनी त्यांना काढलं. मालकाने ते होऊ दिलं. ला रूसा पुढे ओकलंडसाठी एक आणि सेंट लुइससाठी दोन वर्ल्ड सिरीज जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्यांना जाऊ दिल्याची खंत राइन्सडॉर्फ यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. ही खंत पुढे फार महागात पडली.

मालकाची दुसरी सवय म्हणजे ‘आपला माणूस’ नेमणं. २००५ मध्ये या सवयीला फळ आलं. मॅनेजर ओझी गिएन हे सॉक्सचे जुने शॉर्टस्टॉप, जनरल मॅनेजर केनी विल्यम्स हेही सॉक्सचे जुने खेळाडू. त्या संघाने प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, १२ पैकी ११ सामने जिंकले, वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसला ४-० ने धुतलं आणि ८८ वर्षांनी विजेतेपद आणलं. त्या वर्षाबद्दल वाईट बोलणारा चाहता मला साउथ साइडला भेटलेला नाही. मीही बोलणार नाही. पण आतली माणसं नेमली की काम होतं, हा त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. २०१२ मध्ये मॅनेजरपद रॉबिन व्हेंटुरा यांना मिळालं. खेळाडू म्हणून सॉक्सचे लाडके, पण मॅनेजरकीचा अनुभव शून्य. पाच वर्षांत एकदाही प्लेऑफ नाही.

२०१६ च्या अखेरीस जनरल मॅनेजर रिक हान यांनी सगळं मोडून नव्याने बांधायला घेतलं. ख्रिस सेलसारखा अव्वल पिचर बॉस्टनला देऊन योआन मोन्काडा आणि मायकल कोपेक ही तरुण पोरं आणली. पुढच्या वर्षी होसे किंतानाला शिकागोच्याच दुसऱ्या संघाकडे, कब्जकडे पाठवून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस घेतले. कब्जने हाच मार्ग धरून २०१६ ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती, त्यामुळे चाहत्यांनी हरण्याची ती वर्षं निमूट काढली. तयार झालेल्या पोरांभोवती शेवटी एक-दोन मोठे खेळाडू विकत घ्यायचे, असा बेत होता.

तिथेच हात आखडला. २०१९ च्या हंगामाआधी मॅनी माचाडो हा मोठा खेळाडू बाजारात होता. त्याला भुलवायला सॉक्सने त्याचा मेहुणा योंडर अलोन्सो आणि त्याचा दोस्त जॉन जे या दोघांना संघात घेतलं. मेहुणा आला, दोस्त आला, माचाडो मात्र ३० कोटी डॉलरवर सॅन डिएगोला गेला. सॉक्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार त्यानंतर झाला तो अँड्र्यू बेनिनटेंडीचा, साडेसात कोटींचा. बेनिनटेंडी डावीकडच्या आउटफिल्डमध्ये दिसला की चाहते कुजकट बोलतात. त्यात त्याचा दोष एवढाच, की दुसरा कोणी घेतलाच नाही.

तरीही संघ चांगला झाला होता. टिम अँडरसनने २०१९ मध्ये अमेरिकन लीगमधली (सॉक्स ज्या लीगमध्ये खेळतात ती) फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी काढली, होसे अब्रेऊ २०२० चा त्याच लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, प्लेऑफचं दार उघडलं. आणि नेमकं तेव्हा मॅनेजर रिक रेंटेरिया यांना काढून राइन्सडॉर्फ यांनी आपली जुनी खंत मिटवायला घेतली. नऊ वर्षं डगआउटपासून दूर असलेले ७६ वर्षांचे ला रूसा परत आले. बऱ्याच चाहत्यांना ए. जे. हिंच हवे होते. ते दुसऱ्याच दिवशी डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर झाले.

२०२१ मध्ये ९३ विजय मिळाले, विभागही जिंकला, म्हणून ला रूसांवरची टीका दबून राहिली. पण त्याच मे महिन्यात यर्मिन मर्सेडीसचं प्रकरण घडलं. हंगामाची सुरुवात सलग आठ हिट मारून करणारा हा धिप्पाड नवखा खेळाडू. मिनेसोटाविरुद्ध संघ १५-४ ने पुढे असताना, प्रतिस्पर्ध्यांनी पिचरऐवजी एका साध्या खेळाडूला चेंडू टाकायला उभं केलेलं असताना, त्याने होमरन ठोकला, म्हणजे चेंडू मैदानापार धाडला. तो चेंडू सोडून दे, अशी डगआउटची खूण होती. जुन्या शिष्टाचारात हे बसत नाही, हे मान्य. पण ला रूसा यांनी आपल्याच खेळाडूची जाहीर कानउघाडणी केली, तीही ड्रेसिंगरूममधली पोरं त्याच्या बाजूने बोलत असताना. मर्सेडीसची बॅट त्यानंतर थंडावली ती थंडावलीच. त्याला हे एकच कारण असेल असं नाही, पण चाहत्यांच्या खात्यात नोंद झाली.

दुसरी नोंद ९ जून २०२२ ची. डॉजर्सचा ट्रे टर्नर खेळत होता, त्याच्यावर दोन स्ट्राइक चढले होते. आणखी एक चढला की बाद. तेवढ्यात ला रूसा यांनी त्याला मुद्दाम पहिल्या बेसवर सोडायचा हुकूम दिला, पुढचा डावखुरा मॅक्स मन्सी आपल्या डावखुऱ्या पिचरला सोपा जाईल म्हणून. प्रेक्षकांतून एकाचा आवाज थेट प्रक्षेपणात ऐकू आला: ‘दोन स्ट्राइक झालेत, टोनी! काय करतोयस?’ मन्सीने तीन धावांचा होमरन मारला आणि सॉक्स ११-९ ने हरले. त्या दिवशी त्या अनामिक माणसाला मॅनेजर केलं असतं तर निदान तो होमरन टळला असता. हंगाम ८१ विजय, ८१ पराभवांवर संपला. ला रूसा त्याआधीच प्रकृतीच्या कारणाने बाजूला झाले होते.

मग ग्रिफोल आले, कॅन्सस सिटीहून. मूलभूत खेळ घोटून घेणार, असा गाजावाजा होता. २०२३ मध्ये १०१ पराभव झाले. ऑगस्टमध्ये हान आणि विल्यम्स दोघांनाही काढलं, आणि चाहत्यांना वाटलं, आता तरी बाहेरचा कोणी येईल. आले ख्रिस गेट्झ. हेही सॉक्सचे जुने खेळाडू आणि आधीपासून क्लबच्या ज्युनियर संघांचे प्रमुख. बाहेरच्याला संघ समजून घेण्यात एक वर्ष जाईल, तेवढा वेळ नाही, अशा अर्थाचं स्पष्टीकरण मालकांनी दिलं. जे वर्ष वाचवायचं होतं त्याचं काय झालं, ते पुढे दिसलंच.

२०२४ ची सुरुवात ३ विजय, २२ पराभव. सीसला हंगामाआधीच विकलं होतं. मोन्काडा दुखापतीने जवळपास वर्षभर बाहेर. हिमेनेझ आणि कोपेक जुलैत गेले आणि कोपेक त्याच वर्षी डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकला. नशीबही रुसलेलं. २३ मेला बाल्टिमोरविरुद्ध शेवटच्या डावात ८-६ असं पिछाडीवर असताना बेनिनटेंडीचा चेंडू आत उंच उडाला. नियमाप्रमाणे तो बाद झालाच. पण दुसऱ्या बेसजवळचा सॉक्सचाच अँड्र्यू व्हॉन क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आला म्हणून पंचांनी त्यालाही बाद दिलं. एका झटक्यात दोन बळी आणि सामना खल्लास. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभव झाले, अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी. गॅरेट क्रोशे एकटा मन लावून चेंडू टाकत होता. त्याने २०९ बळी टिपले. डिसेंबरात त्यालाही बॉस्टनला दिलं.

आधीचा १२० पराभवांचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा. पण ते त्यांचं पहिलंच वर्ष होतं, इतर संघांनी टाकलेले खेळाडू घेऊन उभा केलेला संघ. सॉक्सना सव्वाशे वर्षांचा संसार आहे, आणि तीनच वर्षांपूर्वी ते विभागविजेते होते. १२१ वा पराभव झाला २७ सप्टेंबरला, डेट्रॉइटमध्ये. त्याच विजयाने टायगर्सनी दहा वर्षांनी प्लेऑफ गाठला. त्यांचे मॅनेजर: ए. जे. हिंच.

नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या हाताखाली २०२५ मध्ये ६० विजय आणि १०२ पराभव झाले. तुलनेने बरं, म्हणून चाहते त्यांच्याबद्दल जपून बोलतात. जूनमध्ये मालकीबद्दलही करार जाहीर झाला. २०२९ ते २०३३ या काळात राइन्सडॉर्फ यांना हवं तेव्हा ते गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांना नियंत्रण विकू शकतील. २०३४ च्या हंगामानंतर नियंत्रण विकत घेण्याचा हक्क इशबियांकडे जाईल. राइन्सडॉर्फ यांचा जन्म १९३६ चा.