तेरा तुकड्यांचं झुलूलँड

दक्षिण आफ्रिकेतलं १८७९ चं झुलू युद्ध ज्यांनी ओढवून आणलं, ते सर बार्टल फ्रिअर मराठी मुलखाला अनोळखी नव्हते. साताऱ्याचे रेसिडेंट, पुढे मुंबईचे गव्हर्नर. मुंबईचा कोट पडला तो त्यांच्याच कारकिर्दीत. आता ते दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश उच्चायुक्त होते. डिसेंबर १८७८ मध्ये झुलू राजा सेट्श्वायोला त्यांनी बजावलं, फौजेची व्यवस्था मोडा, नाहीतर लढाई. २२ जानेवारीला इसांदल्वाना इथे इंग्रजांकडची तेराशेच्या वर माणसं पडली. ४ जुलैला राजधानी उलुंडीत झुलू हरले आणि ऑगस्टअखेर राजा पकडला गेला.

मुलूख जिंकला, पण तो चालवायचा खर्च लंडनला नको होता. ब्रिटिश सेनापती सर गार्नेट वोल्स्ली यांनी १ सप्टेंबरला तोडगा काढला: राजपद रद्द आणि मुलखाचे तेरा तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक प्रमुख, त्याला फौज ठेवायची नाही, बंदुका आणायच्या नाहीत. झुलू राज्य उभारताना शाकाने गिळलेली जुनी घराणी आपण पुन्हा उभी करतोय, असा बहाणा होता. पण सगळ्यात मोठा तुकडा मिळाला जॉन डन या गोऱ्या व्यापाऱ्याला! इंग्रजांकडून लढलेला दुसरा एक प्रमुख ह्लुबी तर झुलूही नव्हे, सोथो भाषकांच्या त्लोक्वा जमातीचा. युद्ध चालू असतानाच फुटलेला हामू हा राजाचा भाऊ, त्यालाही वाटा मिळाला. खरी मेख पुढेच होती. राजाच्या बाजूचे भाऊ आणि उसुथू म्हणजे राजनिष्ठ गट, यांची गावं नेमकी हामू आणि तेरांपैकीच आणखी एक प्रमुख झिभेभू यांच्या हाताखाली गेली. या दोघांनी त्यांची गुरं ओढून नेली, माणसं हुसकावली.

लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीला भेटलेला सेट्श्वायो जानेवारी १८८३ मध्ये परतला, पण अर्ध्यामुर्ध्या राज्यावर. उत्तरेत झिभेभू स्वतंत्रच ठेवला होता. २१ जुलैला त्याने उलुंडीवर झडप घातली आणि राज्यातली जाणती पिढी कापून काढली. इंग्रजांना यात एक गोळी झाडावी लागली नाही. जखमी राजा निसटला, फेब्रुवारी १८८४ मध्ये एशोवेत वारला.

मुलगा डिनुझुलूने बोअरांची, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची, मदत घेऊन झिभेभूला हरवलं. त्याची किंमत म्हणून बोअरांनी मोठा प्रदेश उचलला. उरलेला १८८७ मध्ये इंग्रजांनी खालसा केला. पुढल्याच वर्षी डिनुझुलू उठला, तर त्याला सेंट हेलेनावर धाडलं. १८९७ मध्ये झुलूलँड शेजारच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीला जोडलं गेलं आणि १९०४ पर्यंत त्यातली सुमारे दोन-पंचमांश जमीन गोऱ्यांसाठी मोकळी झाली.