मेक्लेनबुर्ग सरोवर प्रदेश

जर्मनीच्या ईशान्य भागातील, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात पसरलेला तळ्यांचा आणि जंगलांचा ग्रामीण प्रदेश. तो बर्लिन आणि बाल्टिक समुद्र यांच्यामध्ये आहे. लहानमोठी मिळून हजाराहून अधिक तळी असल्यामुळे त्याला ‘हजार तळ्यांचा मुलूख’ म्हणतात. २०११ मध्ये याच नावाचा जिल्हा झाला. सुमारे ५,५०० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा जिल्हा जर्मनीत सर्वांत मोठा असला तरी लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर, म्हणजे चौरस किलोमीटरला पन्नास माणसेही नाहीत. येथे येणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ती ही विरळ वस्ती. तळी जर्मनीत इतरत्रही आहेत. एवढी शांतता मात्र क्वचितच सापडते.

ही तळी शेवटच्या हिमयुगाची देणगी आहेत. उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी दगडमातीचे बांध रचले. बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने लांब, अरुंद चर कोरले. बर्फाचे सुटे राहिलेले प्रचंड तुकडे गाळाखाली गाडले जाऊन मागाहून वितळले आणि तिथे खळगे पडले. म्हणूनच येथे काही तळी परातीसारखी उथळ, तर काही दरीसारखी खोल व निमुळती आहेत. म्युरित्स हे सर्वांत मोठे तळे (सुमारे ११७ चौ. किमी.). संपूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेले सर्वांत मोठे तळे हेच. बोडन सरोवर याहून मोठे, पण ते जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्यात वाटले गेले आहे. म्युरित्स हे नाव जुन्या स्लाव भाषेतले असून त्याचा अर्थ ‘लहानसा समुद्र’. वारा सुटला की ते नाव सार्थ ठरते. तळ्याचा बराच भाग उथळ असल्याने लाटा आखूड आणि उभ्या उठतात, आणि लहान बोटींना त्याच धोक्याच्या असतात.

म्युरित्सच्या पूर्वेची राने आज जशी दिसतात, त्यामागे एक विलक्षण योगायोग आहे. पूर्व जर्मनीच्या काळात येथील मोठे क्षेत्र सत्ताधाऱ्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि काही भागात सोव्हिएत सैन्याचा सराव चाले. सामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. त्या अन्यायामुळे रस्ते, बंगले, कारखाने मात्र आले नाहीत. १२ सप्टेंबर १९९० रोजी, देश विलीन होण्याला तीन आठवडे उरले असताना, पूर्व जर्मनीच्या मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत पाच राष्ट्रीय उद्यानांना मंजुरी दिली. मिखाएल झुकोव या परिसंस्था-अभ्यासकाचा त्यात मोठा वाटा होता. १ ऑक्टोबरला म्युरित्स राष्ट्रीय उद्यान (३२२ चौ. किमी.) अस्तित्वात आले. मावळत्या सरकारने जाता जाता केलेले इतके टिकाऊ काम फारसे आढळत नाही. शिकारीचे कुंपण गेले आणि त्याच जागी आज पायवाटा व सायकलवाटा आहेत.

पक्षी हे या उद्यानाचे वैभव. समुद्री गरुड येथे बारमाही असतो. मासे मारून जगणारा ऑस्प्रे (आपल्याकडे हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर दिसतो तोच) उन्हाळ्यात येथे घरटी करतो, आणि पुष्कळदा झाडांऐवजी विजेच्या उंच मनोऱ्यांवर. फेडेरो गावातील माहिती केंद्रात अशा एका घरट्याचे चित्रण पडद्यावर थेट पाहता येते. पिल्लांना मासा भरवताना इतक्या जवळून बघण्याची सोय दुर्बिणीनेही होत नाही.

पण खरा सोहळा शरद ऋतूतल्या क्रौंचांचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हजारो क्रौंच दिवसा मक्याच्या कापलेल्या शेतांत दाणे टिपतात आणि सूर्य कलला की रेडेरांग तळ्याच्या उथळ पाण्यात रात्र काढायला येतात. पाण्यात उभे राहिले की कोल्हा चोरपावलांनी जवळ येऊ शकत नाही, हे त्यामागचे कारण. या दिवसांत संध्याकाळी तळ्याकडची वाट सर्वांना मोकळी नसते; वाटाड्याबरोबर, मोजक्याच लोकांनी जायचे. लाकडी आडोशामागे सगळे गप्प बसलेले असतात. आधी आवाज येतो, दूरवर कोणी तुतारी फुंकावी तसा, मग क्षितिजावर एक विस्कटलेली रेघ उमटते, ती जवळ येता येता पंख वेगळे दिसू लागतात. लांब पाय खाली सोडून, पंख किंचित वाकवून एकेक पक्षी उतरतो. अंधार पडून काही दिसेनासे झाले तरी कलकलाट चालूच असतो. गुजरातेत हिवाळ्यात येणारे क्रौंच याच जातीचे, पण ते आणखी पूर्वेकडच्या प्रदेशांतून येतात; म्युरित्सचे थवे नैर्ऋत्येला फ्रान्स व स्पेनकडे जातात.

उद्यानाचा दुसरा, वेगळा तुकडा झेरान येथे आहे. तिथले बीच वृक्षांचे जुने जंगल २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलित्सच्या ग्रँड ड्यूकने एकोणिसाव्या शतकात ते शिकारीसाठी राखले, म्हणून कुऱ्हाडीपासून वाचले. पडलेले खोड इथे उचलत नाहीत. त्यावर अळंबी आणि शेवाळ वाढते, आणि त्याच्या फटीतून नवे रोप वर येते. श्पेक गावाजवळच्या क्येफ्लिंग टेकडीवरील ५५ मीटर उंच मनोऱ्यावर चढले, तर जंगल आणि पाणी यांचे प्रमाण नजरेत भरते. ईवेनाक येथील ओक वृक्ष मात्र उद्यानाबाहेर, उत्तरेला आहेत. त्यांतील सर्वांत थोर वृक्ष सुमारे हजार वर्षांचा मानला जातो. २०१६ मध्ये त्या जागेला जर्मनीतील पहिले राष्ट्रीय निसर्गस्मारक घोषित केले गेले. वृक्षांच्या शेंड्यांमधून जाणारा पूलही तिथे बांधला आहे, पण बुंध्याशी उभे राहून वर पाहण्याची सर त्याला नाही.

या प्रदेशात फिरण्याचे खरे वाहन म्हणजे बोट. एल्डे व हाफेल या नद्या आणि त्यांना जोडणारे कालवे यांमुळे म्युरित्स, क्योल्पीन, फ्लेझेन व प्लाउ ही मोठी तळी एकमेकांना जोडली गेली असून पाण्यावरूनच बर्लिन किंवा एल्बे नदी गाठता येते. पंधरा अश्वशक्तीपर्यंतच्या बोटीला परवाना लागत नाही. त्याहून मोठी घरबोटही परवान्याविना भाड्याने मिळते. किमान तीन तासांचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र घ्यायचे आणि ताशी १२ किमी.ची मर्यादा पाळायची. वाटेत जलपाश लागतात, म्हणजे पाण्याची पातळी वाढवून-उतरवून बोटींना पुढे सोडणारी दारे. जुलै-ऑगस्टमध्ये दीमित्स, कानो व श्ट्राझेन येथे त्यांपुढे लांब रांग असते. माल्खो येथे बोट जाण्यासाठी रस्त्याचा पूलच फिरतो, तर प्लाउमध्ये तो उचलला जातो. लोक काठावर उभे राहून ते पाहतात, आणि मोटारीतल्यांचीही तक्रार नसते.

मोटारबोटींना उद्यानातील बहुतेक पाणी बंद आहे, त्यामुळे हाफेलच्या उगमाकडील तळी वल्हे मारणाऱ्यांसाठीच उरली आहेत. आंकर्सहागेनजवळ उगम पावणारी ही नदी सुरुवातीला तळ्यांतून तळ्यांत सरकणारा ओहोळच असते. ग्रानत्सीन येथे नाव पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा ती लहान रुळांवरच्या ढकलगाडीवर चढवून जंगलातून पलीकडच्या तळ्यापर्यंत ढकलत न्यायची. ट्रॉयचे उत्खनन करणारा थोर पुरातत्त्व-संशोधक हाइन्रिख श्लीमान याचे बालपण आंकर्सहागेनमध्ये गेले. तिथल्या संग्रहालयाच्या अंगणात मुलांना आत शिरता येईल असा लाकडी ट्रोजन घोडा आहे.

मीरो या गावी बेटावरचा वाडा आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लोट हिचा जन्म १७४४ मध्ये या गावचा. श्ट्रेलित्स घराण्याच्या या राणीच्या सन्मानार्थ इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी एका दक्षिण आफ्रिकी फुलझाडाला स्ट्रेलित्झिया हे नाव दिले. पुण्या-मुंबईच्या फुलवाल्यांकडे ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ म्हणून मिळणारे केशरी-निळे फूल ते हेच.

सायकलस्वारांसाठी बर्लिन-कोपनहेगन मार्ग या प्रदेशातून जातो. म्युरित्सला वळसा घालायचा तर एका दिवसात घाई होते. दोन दिवस घ्यावेत. थकले तर सायकल नेणाऱ्या बसगाड्या आहेत. वारेन हे मुख्य गाव. बर्लिनहून तिथे थेट रेल्वे आहे, आणि म्युरित्सेउम या संग्रहालयात स्थानिक गोड्या पाण्यातील मासे मोठ्या काचपेट्यांत पाहता येतात. मासेमारीसाठी पाहुण्यांना २८ दिवसांचा परवाना परीक्षेविना मिळतो. पोहण्यासाठी बहुतेक गावांच्या किनाऱ्यावर लाकडी धक्के आहेत. ‘एफकेके’ अशी पाटी असेल तर तिथे विवस्त्र पोहण्याची जुनी, सर्वमान्य रीत आहे, हे आपल्याकडच्या कुटुंबांनी आधीच जाणून असावे.

आग्नेयेकडील फेल्डबेर्गची तळी सर्वांत देखणी, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. तिथे ब्रायटर लुत्सीन हे ५८ मीटर खोल तळे असून त्यात मारेने माशाची अशी एक जात आहे, जी जगात अन्यत्र आढळत नाही. शेजारचे श्मालर लुत्सीन नदीसारखे अरुंद, दोन्ही तीरांवर उतरणीचे जंगल. ते ओलांडायला हाताने चालणारी नाव आहे. नावाडी चाक फिरवतो, पाण्यातून दोर वर येतो, ठिबकत चाकावरून सरकतो आणि पुन्हा बुडतो. सायकली, कुत्री, लेकरे सगळी फळ्यांवर उभी. इंजिन नसल्यामुळे दोरावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाजही ऐकू येतो. पलीकडच्या धक्क्यावर उतरले की हुलरबुशच्या जंगलातली चढण सुरू होते.